पुराचे पाणी समुद्रकाठी अडवता येईल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पंचगंगा पात्राबाहेर आली की एक प्रश्न पत्रांतून येतोच: एवढे पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते, ते साठवत का नाहीत? या वेळी बऱ्याच वाचकांनी 'किनारी जलाशय' हे नाव घेऊनच विचारले आहे. नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या तोंडाशी किंवा किनाऱ्यालगत बांध घालायचा, पुराचे गोडे पाणी आत धरायचे आणि उन्हाळ्यात ते शहराला द्यायचे, अशी ही कल्पना. एकसारखी पत्रे एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. धोका पातळी ४३ फूट. हे पाणी समुद्रकाठी साठवले तर कोल्हापूरचा पूरही टळेल आणि टंचाईही मिटेल, असे वाचनात आले. हे खरे आहे का?

पूर टळेल हे खरे नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ठरते ती राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या पावसावर, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकदम फुगतात की मागेपुढे त्यावर, आणि नृसिंहवाडीला कृष्णा पंचगंगेला किती वाट देते त्यावर. कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेचे पाणी मागे तुंबते आणि शिरोळ, हातकणंगले भागात फुगवटा पसरतो. आपली नदी पूर्वेला जाते. अरबी समुद्र कोल्हापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास असला, तरी पंचगंगेचे पाणी हजार किलोमीटरहून जास्त वाट काटून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे कितीही मोठा जलाशय बांधला, तरी इथली पातळी इंचभरही उतरणार नाही.

आता टंचाईचे गणित पाहा. शहराची लोकसंख्या सहा लाख धरली आणि माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण घेतले, तर दिवसाला ८ कोटी १० लाख लिटर लागतात. वर्षाचे झाले सुमारे २,९५० कोटी लिटर. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे जवळपास २,८३० कोटी लिटर. म्हणजे गळती सोडली, तर अख्ख्या कोल्हापूर शहराची वर्षाची गरज एका टीएमसीच्या थोडी वर आहे. आता पूर बघा. नदीतून एक लाख क्युसेकने, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, पाणी वाहत असेल, तर एका दिवसात ८.६४ टीएमसी पाणी निघून जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकहून जास्त विसर्ग सुरू होता, म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. राधानगरी धरण सव्वाआठ टीएमसीच्या थोडे वर आणि काळम्मावाडी पंचवीस टीएमसीच्या वर, असा साठा शहराच्या वरच्या अंगाला आधीच आहे. थेट पाइपलाइनने काळम्मावाडीचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचलेही. इथे नळ कोरडा पडतो तो पंप, वीज, गळती आणि वाटप यांमुळे. नव्या साठ्याने ती दुखणी बरी होणार नाहीत.

किनारी जलाशय हे मुळात किनाऱ्यावरच्या शहरांचे उत्तर आहे. धरण बांधायला डोंगर नाहीत, होते ते पाणी आधीच वाटून संपले आहे, आणि दारातून मात्र पूर समुद्रात जातो, अशा शहरांचे. चेन्नई डिसेंबर २०१५ मध्ये बुडाले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच शहरात टँकरपुढे रांगा लागल्या. तिथे हा विचार लागू पडतो.

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर): मग कोकणातल्या नद्यांचे पाणी खाडीत अडवून पंपाने वर घाटमाथ्यावर का आणू नये?

विजेमुळे. एक हजार लिटर पाणी सहाशे मीटर उचलायला पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर सव्वादोन युनिटच्या आसपास वीज लागते. नळातले घर्षण धरून अडीच ते तीन युनिट. समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करायला तीन ते चार युनिट लागतात, म्हणजे फरक थोडाच. शहराच्या रोजच्या आठ कोटी लिटरला नुसत्या उचलण्यासाठी दोन लाख युनिट मोजावे लागतील. काळम्मावाडी डोक्यावर असताना या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न (स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, वारणानगर): समुद्रात बांध घातला तर आतले पाणी खारेच असणार. ते गोडे कसे होते, आणि गोडे कसे राहते? टप्प्याटप्प्याने सांगाल का?

आधी मिठाचा आकडा लक्षात घ्या. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्याची आपली मानक मर्यादा २५० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतात. १९,००० ला २५० ने भागा, ७६ येतात. शंभर लिटर गोड्या पाण्यात सव्वा लिटर समुद्र मिसळला की मर्यादा संपली. किनारी जलाशयाचा प्रत्येक दरवाजा, प्रत्येक रबरी पट्टी आणि बांधाखालची प्रत्येक फट या हिशेबाने तपासावी लागते.

बांध पुरा झाला की आधी आतले खारे पाणी जितके जाईल तितके घालवायचे. ओहोटीला तळाचे दरवाजे उघडून पाणी उतरू द्यायचे, उरलेले पंपाने काढायचे. हाँगकाँगच्या प्लोव्हर कोव्हमध्ये समुद्राचा एक फाटाच बांधाने तोडून आतले पाणी उपसले गेले. तो जलाशय १९६८ मध्ये पुरा झाला आणि पुढे बांध उंच करून त्याची क्षमता २३ कोटी घनमीटरपर्यंत नेली.

मग धुणे. आत १९,००० चे पाणी भरलेले आहे आणि वरून येणारे नदीचे पाणी त्यात पूर्ण मिसळत बाहेर पडते असे धरले, तर २५० वर यायला जलाशयाच्या क्षमतेच्या सव्वाचार पटींहून थोडे जास्त गोडे पाणी ओतावे लागते. हा लघुगणकाचा हिशेब तुम्ही वर्गात करून बघा. आधी उपसा करून चौथा हिस्साच खारे पाणी ठेवले, तर पहिल्याच भरणीला क्लोराइड ४,७५० वर येते आणि पुढे तीन पटी पुरतात. प्रत्यक्षात याहूनही कमी लागते, कारण खारे पाणी जड असते, गोड्याच्या सुमारे १.०२५ पट. ते तळाशी बसते. म्हणून बाहेर सोडायचे पाणी वरच्या सांडव्यावरून कधीच सोडायचे नाही, तळाच्या दरवाजातून सोडायचे. वरून सोडले की आत्ताच आलेले गोडे पाणी निघून जाते आणि मीठ जागच्या जागी राहते. ही चूक आराखड्यात झाली तर नंतर सुधारता येत नाही, तळाचे दरवाजे बांधकामातच ठेवावे लागतात.

सिंगापूरच्या मरीना बांधाचे काम २००८ मध्ये पुरे झाले. पावसाच्या पाण्याने आतला साठा धुतला जाऊन तो गोड्या पाण्याचा जलाशय म्हणून चालू झाला तो २०१० च्या नोव्हेंबरात. तिथे बारमाही पाऊस आहे. आपल्याकडे चारच महिने, म्हणून इथे धुण्यात दोन-तीन पावसाळे जातील असे धरूनच वेळापत्रक करावे.

गोडे पाणी राखायचे तर आतली पातळी समुद्रापेक्षा वर हवी. दहा मीटर खोलीला खाऱ्या पाण्याचा दाब तोलायला गोडे पाणी किमान २५ सेंटिमीटर उंच लागते. त्याहून खाली गेले की बांधाखालून समुद्र आत झिरपतो. उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे शहराला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच, पातळी खाली गेलेली असते. म्हणून बांधाखाली चिकणमाती किंवा काँक्रीटची अडणी भिंत खोल नेतात, आणि तळाच्या ठरावीक साठ्याला हात न लावण्याचा नियम करतात. तळाच्या चिखलातले जुने मीठही पहिली काही वर्षे वर येत राहते. पाण्यातले मीठ मोजायचे तर पृष्ठभागाचा नमुना घेऊन समाधान मानू नका. वर, मध्ये आणि तळाच्या अर्ध्या मीटरवर, तीन ठिकाणचा विद्युतवाहकतेचा आकडा घ्या.

प्रश्न (शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक): आमच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात आणि यात फरक काय? आम्हीही पावसाळा संपला की बरगे (अडवण्याच्या फळ्या) घालतो आणि पाणी अडवतो.

तत्त्व एकच आहे, आणि तुमच्या हाताला ते आधीच माहीत आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा भर पुरात मोकळा असतो. खांबांच्या खाचांत बरग्यांच्या दोन ओळी घालून मध्ये माती भरायची ती पावसाचा जोर ओसरल्यावर, आणि बरगे काढायचे ते पुढच्या पावसाआधी. पुराच्या पाण्यात गाळ असतो, ओंडके असतात, आणि अडवले तर वरच्या गावात पाणी चढते. म्हणून आपण पूर जाऊ देतो आणि मागचे निवळ पाणी धरतो. बरगे चार दिवस उशिरा काढले तर काय होते, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

किनारी जलाशयातही सगळे कौशल्य दरवाजा कधी उघडायचा यातच आहे, पण तिथे घड्याळे तीन असतात. पहिले पावसाळ्याचे. पहिल्या पावसाचे पाणी शहराची गटारे, शेतातली खते आणि रस्त्यावरचे तेल घेऊन येते, ते पूर्ण जाऊ द्यायचे. भर पुरात गाळ सर्वांत जास्त असतो, तेव्हाही दरवाजा बंद. पूर उतरणीला लागला, गढूळपणा कमी झाला आणि प्रवाह अजून जोरात आहे, तेव्हा घ्यायचे. कोकणपट्टीत हे दिवस साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात मिळतात. दुसरे घड्याळ भरती-ओहोटीचे, ते दिवसातून दोनदा फिरते. ओहोटीच्या उत्तरार्धात नदीमुखाशी पाणी सर्वांत गोडे असते. तिसरे उधाणाचे, पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपासचे. तिन्ही जुळतील तेवढेच तास दरवाजा उघडा. नदीत बसवलेला क्लोराइडमापक २५० च्या वर गेला की दरवाजा पडला पाहिजे, कोणाच्या आदेशाची वाट न बघता.

कोकणातल्या खारबंदिस्तीत, म्हणजे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधात, हेच काम उघाडी (झडपेचा दरवाजा) करते. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, वीज लागत नाही. शेकडो एकर भातशेती या झडपांवर टिकून आहे. तिच्या बुडाशी एक दगड अडकला की खारे पाणी शेतात शिरते. मोठ्या जलाशयाचे दरवाजे यंत्राचे असले तरी बिघडतात ते अशाच कारणांनी: खाचेत ओंडका, शंख-शिंपल्यांचा थर, गंजलेली साखळी. रोज डोळ्यांनी बघणारा माणूस तिथेही लागतो.

शांघायचा चिंगत्साउशा जलाशय याच पद्धतीवर चालतो. यांगत्सी नदीच्या मुखात, नदी न अडवता, बाजूला बांध घालून तो केला आहे. क्षेत्र ६६ चौरस किलोमीटरच्या आसपास, साठा सुमारे १५ टीएमसी, म्हणजे राधानगरीच्या पावणेदोन पट. नदी गोडी असताना पाणी आत घ्यायचे, आणि हिवाळ्यात प्रवाह घटून समुद्र आत सरकला की दरवाजे मिटून साठ्यावर शहर चालवायचे. असा बाजूचा जलाशय आम्हाला नदीवरच्या आडव्या बांधापेक्षा कितीतरी बरा वाटतो. नदीची वाट मोकळी राहते, गाळ समुद्राकडे जातो, मासे वर येऊ शकतात, आणि घाण पाणी नाकारता येते. आडव्या बांधाला नाकारण्याची सोय नसते, जे येईल ते पदरात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. दहा चौरस किलोमीटरचा, चार मीटर खोल जलाशय घेतला तर साठा चार कोटी घनमीटर, म्हणजे १.४ टीएमसी होतो. तो वीस दिवसांत भरायला आठशे ते साडेआठशे क्युसेक पुरतात. पुरातल्या नदीच्या मानाने हे पाणी किरकोळ आहे. पूर गिळण्याचे काम तो करत नाही, पुरातून एक पेला भरून घेतो. आणि चार मीटर खोली असेल तर ऑक्टोबर ते मे बाष्पीभवनाने मीटरभराहून जास्त पाणी उडते, म्हणजे साठ्याचा चौथा हिस्सा तरी. तेवढ्याने उरलेल्या पाण्यातले मीठही वाढते. उथळ आणि पसरट जागा स्वस्त पडते, पण मे महिन्यात ती महागात पडते.

प्रश्न (इचलकरंजीतील गृहिणी): नदीच्या शेवटी सगळ्या गावांची घाण जमते. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आम्ही पाहिला आहे. असे पाणी समुद्रकाठी साठवून लोकांना पाजायचे?

तुमची शंका या सगळ्या पत्रांतली सर्वांत महत्त्वाची आहे. किनारी जलाशय फसले ते बहुतेक ठिकाणी मिठाने नाही, सांडपाण्याने. दक्षिण कोरियातल्या सिहवा खाडीवर १९९४ मध्ये सुमारे १२.७ किलोमीटरचा बांध पुरा झाला. शेती आणि उद्योगांना गोडे पाणी द्यायचे होते. काठावरच्या औद्योगिक वसाहतींचे आणि शहरांचे सांडपाणी आत साचून पाणी इतके बिघडले की गोड्या पाण्याचा बेतच सोडून द्यावा लागला. समुद्र परत आत घेतला आणि २०११ पासून तिथे भरतीवर चालणारे २५४ मेगावॉटचे वीजकेंद्र आहे.

बिघाड कसा होतो ते समजून घ्या. सांडपाणी आणि खतांतून फॉस्फरस आणि नत्र येते. वाहत्या नदीत ते पुढे जाते. साठ्यात पाणी आठवडेच्या आठवडे उभे राहते, ऊन मिळते, आणि निळे-हिरवे शेवाळ वाढते. पंचगंगेवर केंदाळ माजते ते याच अन्नावर. शेवाळ मेले की कुजताना प्राणवायू संपतो, तळाच्या चिखलातून लोह, मँगनीज आणि आणखी फॉस्फरस सुटतो, आणि पुढचे शेवाळ त्यावर वाढते. काही निळ्या-हिरव्या शेवाळांचे विष उकळल्यानेही जात नाही. उतावीळपणे मोरचूद टाकला तर पेशी फुटून विष पाण्यात मोकळे होते, म्हणून दाट शेवाळावर तो उपाय करायचा नाही. पाणी खेचायची तोंडे वेगवेगळ्या खोलीवर ठेवायची, म्हणजे शेवाळाचा थर टाळून मधले पाणी घेता येते. शुद्धीकरणात शेवाळ न फोडता तरंगवून काढायचे, आणि वास व विषासाठी कोळशाची बारीक पूड वापरायची.

आणखी एक धोका सहसा कोणी सांगत नाही. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असते, लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम. एक टक्का समुद्र मिसळला तरी ते साठ्यात येते, आणि अशा पाण्यात कुजलेला पालापाचोळा असताना क्लोरीन टाकला की ब्रोमिनयुक्त घातक संयुगे तयार होतात. म्हणून क्लोरीन टाकायचा तो सेंद्रिय घाण काढून झाल्यावर, शेवटी. आणि नेहमीच्या केंद्रातली तुरटी, वाळूची गाळणी, क्लोरीन यांतल्या कशानेही मीठ निघत नाही. घरी उकळले तर पाणी आटून उलट वाढते.

हे सगळे उपाय असले तरी आमचे मत ठाम आहे: वरच्या गावांच्या सांडपाण्याची प्रक्रिया आधी, बांध नंतर. हा क्रम उलटा करून कोणीही किनारी जलाशय मांडला तर त्याला विरोध व्हायला हवा. पंचगंगेत सोडलेले रंगवण्याच्या कारखान्यांचे पाणी कर्नाटकातल्या गावांच्या पाणीयोजनांत उतरते. खाली जलाशय होवो न होवो, ते इथेच थांबले पाहिजे.

प्रश्न (चिपळूण, माहेर कोल्हापूर): दाभोळ खाडीवर असा बांध घालण्याची चर्चा कानावर येते. २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही सोसला आहे. बांध झाला तर आमचे काय?

चर्चेत किती तथ्य आहे त्यावर न जाता धोका सांगतो. दाभोळ खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत भरतीचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस आणि त्याच वेळी भरती, असे झाले की पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. खाडीच्या तोंडावर आडवा बांध म्हणजे या अडथळ्यात भर. दरवाजे वेळेत पूर्ण उघडले तरी खांबांमुळे वाट आक्रसते, आणि भरतीच्या वेळी दरवाजे उघडून उपयोग नाही, समुद्रच आत येतो. सिंगापूरला हेच टाळायला नऊ दरवाजांच्या जोडीला सात प्रचंड पंप बसवावे लागले, प्रत्येक पंप सेकंदाला ४० घनमीटर फेकणारा. सातही चालले तर होतात सुमारे दहा हजार क्युसेक. मरीना जलाशयाचे पाणलोट क्षेत्र १०० चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या उतारावरून येणाऱ्या वाशिष्ठीला असे पंप पुरणार नाहीत.

मासे आणि कांदळवन हा दुसरा प्रश्न. कोळंबीची पिल्ले खाडीतल्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात, अनेक मासे अंडी घालायला वर चढतात. भरती थांबली की कांदळवन आधी पिवळे पडते, मग मरते. केरळात वेंबनाड कायलावर (समुद्राला जोडलेल्या सरोवरावर) तण्णीरमुक्कम येथे १९७० च्या दशकात भातशेती वाचवायला खाऱ्या पाण्याचा बांध घातला. भाताला फायदा झाला, पण वरच्या अंगाला जलपर्णी आणि घाण साचली, मासेमारीला फटका बसला, आणि दरवाजे किती दिवस बंद ठेवायचे यावर शेतकरी आणि मच्छीमार आजही भांडतात. जपानात इसाहाया खाडीचे तोंड १९९७ मध्ये बंद केल्यावर मच्छीमारांचा न्यायालयीन लढा वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडे कांदळवनाला किनारा नियमन क्षेत्राचे कडक संरक्षण आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकालही आहे. तुमच्याकडे जनसुनावणी झाली तर तीन कागद मागा: दरवाजे उघडे व बंद असतानाची, कमाल भरती धरून काढलेली चिपळूणची पूरपातळी, गाळ अडल्यावर किनारा किती खचेल याचा अंदाज, आणि मच्छीमारांच्या जाळ्यांची, होड्यांची, वर्षाच्या उत्पन्नाची बांधाआधीची मोजणी. तिसरा कागद सहसा नसतोच, आणि तो नसला की नुकसानभरपाई बुडते.

प्रश्न (निवृत्त शाखा अभियंता, कराड): कोयनेचे अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी) समुद्रात जाते. ते खाडीत अडवून मुंबईला देणे शक्य नाही का?

कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. मुंबईला रोज ४०० कोटी लिटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला जवळपास ५० टीएमसी पाणी दिले जाते. आकडा बोलका आहे. पण हे पाणी बोगद्यातून बाहेर पडते तेव्हा स्वच्छ, गोडे आणि वर्षभर मिळणारे असते. त्याला खाडीपर्यंत जाऊ देऊन, समुद्रात मिसळण्याच्या बेतात आल्यावर अडवण्यात शहाणपण नाही. घ्यायचे तर कोळकेवाडी धरणाच्या खाली, भरतीचे पाणी पोचते त्याच्या वर घ्यावे. आधी वाशिष्ठीकाठच्या गावांची गरज, मग मुंबई, हा क्रमही ठरवूनच. ते नेण्याचा नळ किंवा बोगदा महाग आहे हे खरे, पण किनारी जलाशय करूनही तो नळ चुकत नाही.

प्रश्न (गारगोटी): खर्चाचे काय? समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या यंत्रापेक्षा हे स्वस्त का?

जागा चांगली असेल तर चालवायचा खर्च बराच कमी, कारण मीठ काढायला वीज लागत नाही. पण सगळी गुंतवणूक आधी लागते, आणि यंत्र टप्प्याटप्प्याने वाढवता येते. नदी वर्षातून तीन महिनेच वाहणारी आणि गढूळ असेल तर यंत्र बरे. नदी भरपूर, बाजूला खाजणाची (भरतीचे पाणी चढणाऱ्या खारट जमिनीची) मोकळी जागा आणि शहर तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असेल तर जलाशय बरा.

प्रश्न (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, कसबा बावडा): पूर आमच्या भिंतीपर्यंत येतो. ते पाणी संस्थेच्या बोअरमध्ये सोडून साठवावे असे काही सभासदांचे म्हणणे आहे. करावे का?

अजिबात नको. पुराच्या पाण्यात मैला, डिझेल, कीटकनाशके सगळे असते, आणि बोअरमधून ते मातीच्या गाळणीशिवाय थेट भूजलात जाते. आजूबाजूच्या सगळ्यांचे बोअर बिघडतील, आणि ते वर्षानुवर्षे निवळणार नाहीत. शिवाय बारीक गाळाने खडकातल्या भेगा बुजून तुमचेच पाणी कमी होईल. उलट बोअरचा केसिंग पाइप २०१९ आणि २०२१ च्या पूररेषेच्या वर दोन फूट नेऊन त्याला घट्ट झाकण बसवा आणि भोवती सिमेंटचा चौथरा करा.

छपराचे पाणी मात्र जरूर सोडा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के पाणी हाताला लागते असे धरले, तर सुमारे ७४ हजार लिटर मिळतात. पहिल्या पावसाचे दोन मिलिमीटर, म्हणजे हजार चौरस फुटांना १८० ते १९० लिटर, वेगळ्या उभ्या पाइपात अडवून बाहेर काढा. त्या पाइपाला खाली बारीक छिद्राची तोटी ठेवा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत तो आपोआप रिकामा होतो. त्यानंतरचे पाणी आधी जाळीतून, मग तळाला मोठी खडी, मध्ये बारीक खडी आणि वर वाळू अशा गाळणीतून न्या. वाळूचा वरचा दोन इंच थर दर पावसाळ्याआधी काढून धुवा. तो चिकट झाला की पाणी गाळणीच्या कडेने वाट काढते आणि न गाळताच खाली जाते. संस्थेची विहीर असेल तर बोअरऐवजी आधी विहिरीत सोडा. विहीर उपसता येते, साफ करता येते. पुराचे पाणी चुकून विहिरीत शिरलेच तर पूर्ण उपसून भिंती घासा, नवे पाणी आले की दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगले ब्लीचिंग पावडर हे नेहमीचे प्रमाण धरा, आणि पहिल्या खेपेला जास्त मात्रा द्यायची असेल तर ती आरोग्य केंद्राला विचारून द्या. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, म्हणून बंद डब्यातली, ताजीच घ्या, आणि पाण्याचा नमुना तपासून आल्याशिवाय ते पिण्याला वापरू नका.